सांबऱ्याहून बुक केलेला मार्गच कंपनीने गुपचूप बंद केला, आता काय करायचं?

मेधा_टिळकवाडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या ज्यांनी ऑक्टोबरनंतरची सांबऱ्याची, म्हणजे बेळगाव विमानतळाची, तिकिटं आधीच काढून ठेवली आहेत, त्यांनी हा धागा कृपया शेवटपर्यंत वाचावा.

आई-बाबांचं नोव्हेंबरमधलं बेळगाव–मुंबई थेट विमानाचं तिकीट मी उन्हाळ्यातच काढून ठेवलं होतं. त्याच रात्री मुंबईहून त्यांचं सिंगापूरचं विमान आहे, माझ्या भावाकडे. दोन्ही तिकिटं वेगळ्या कंपन्यांची, वेगळ्या पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर). मध्ये भरपूर तास मोकळे ठेवले होते, कारण बाबा सत्तरी ओलांडलेले आणि आईचे गुडघे दुखतात, पळापळ नको.

परवा बाबांच्या मोबाइलवर इंग्रजीत एक मेसेज आला. तुमच्या प्रवासाच्या वेळेत बदल झाला आहे, तपशिलासाठी लिंक उघडा, एवढंच. बाबांना वाटलं, दहा-पंधरा मिनिटं मागंपुढं झालं असेल. संध्याकाळी चहा घेताना सहज बोलले म्हणून मी बघितलं.

लिंक उघडली तर थेट विमानाचा पत्ताच नाही. त्याऐवजी सकाळी बेळगाव–बेंगळूर, मग दिवसभर बेंगळूरच्या विमानतळावर बसायचं आणि रात्रीच्या विमानाने मुंबई. मुंबईला पोचायची वेळ सिंगापूरचं विमान सुटून गेल्यानंतरची! आणि खाली दोन बटणं. एक मोठं, रंगीत: ‘स्वीकारा’. त्याच्याखाली बारीक राखाडी अक्षरांत: ‘इतर पर्याय’. ज्येष्ठ माणसाचं बोट कुठल्या बटणावर जाईल ते सांगायला नको.

मग मी कंपनीच्या साइटवर नवीन तिकीट काढायला गेल्यासारखं केलं आणि एकेक तारीख तपासत गेले. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थेट विमान दिसतं. त्यानंतर एकाही तारखेला नाही, थेट मार्चपर्यंत. म्हणजे फक्त आमचं एक विमान रद्द झालंय असं नाही, अख्खा मार्गच काढून टाकलाय. पेपरात बातमी नाही, कंपनीच्या पानावर सूचना नाही. कस्टमर केअरला विचारलं तर ‘ऑपरेशनल कारण’. मार्ग बंद केलाय का असं सरळ विचारलं, तर ‘ती माहिती आमच्या सिस्टीममध्ये नाही’.

माझा राग पैशांसाठी नाही. विमान परवडत नसेल तर बंद करा, धंदा आहे. पण ज्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवून महिनोन्महिने आधी पैसे भरले त्यांना स्पष्ट सांगायचं की नाही? तुमच्यापैकी कुणाला असा अनुभव असेल आणि काय मागता येतं हे माहीत असेल तर सविस्तर लिहा. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण हे कुठल्याही कंपनीच्या बाबतीत होऊ शकतं.

रनवे_सांबरा

मेधाताई, तुम्ही तारखा तपासल्यात ते उत्तम केलंत. मार्ग बंद झालाय का हे ओळखायची तीच खात्रीची खूण.

विमानांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. प्रत्येक हंगामाला डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, मंजुरी लागते. पण कंपन्या तिकीटविक्री त्याच्या कितीतरी आधी उघडतात, कारण आपले पैसे त्यांना आधी हवे असतात. म्हणजे जूनमध्ये तुम्ही नोव्हेंबरचं तिकीट काढता तेव्हा ते विमान नोव्हेंबरमध्ये उडेल याची पक्की खात्री कुणाकडेच नसते. मार्ग बंद करायचा तर तो बहुतेक वेळा याच दोन रविवारांच्या सांध्यावर बंद होतो. त्यामुळे बेळगावकरांनी सांध्यापलीकडच्या तारखेचं तिकीट काढलं असेल तर मंजूर वेळापत्रक आल्यावर एकदा पुन्हा बघावं.

आपल्या सांबऱ्याला हे नवीन नाही. १९४२ साली ब्रिटिशांनी हवाई दलासाठी बांधलेली ही धावपट्टी, २०१७ च्या सप्टेंबरात नवीन टर्मिनल झालं, आणि लगेच २०१८ च्या मे महिन्यात स्पाइसजेटने आपली विमानं इथून उचलून हुबळीला नेली. कारण हुबळी लहान शहरं विमानाने जोडायच्या सरकारच्या ‘उडान’ योजनेत होती आणि बेळगाव नव्हतं. त्यावेळी शहरात किती ओरड झाली ते अनेकांना आठवत असेल. पुढे २०१९ मध्ये उडानच्या तिसऱ्या फेरीत बेळगावला तब्बल १३ मार्ग मिळाले आणि सांबरा गजबजला. त्यातली ट्रूजेट ही कंपनी २०२२ मध्ये पूर्णच थांबली.

उडानचं गणित समजून घ्या. विमानातल्या ठरावीक जागा कमी दरात विकायच्या, त्या बदल्यात कंपनीला सरकारकडून तोट्याची भरपाई मिळते, पण ती तीन वर्षंच. त्यानंतर मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचा २०२३ चा अहवाल क्रमांक २२ मी वाचलाय. उडानच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी सुरूच झाले ३७१. त्यातल्या ११२ मार्गांनी तीन वर्षं पुरी केली. आणि मार्च २०२३ ला त्यातले ५४ चालू होते. हे देशाचे आकडे आहेत, पण आपल्यासारख्या गावांची अवस्था त्यातून कळते.

मुंबईच्या मार्गाची आणखी एक अडचण आहे. मुंबई विमानतळावर उतरायच्या वेळा, म्हणजे स्लॉट, सोन्याच्या भावाचे. कंपनीला त्याच वेळेत मोठं विमान भरेल असं दुसरं शहर मिळालं की लहान शहराचा बळी जातो.

अनगोळ_विनायक

+१. बहिणीच्या बाबतीत सेम झालेलं. तिला तर मेसेजही आला नव्हता.

वकील_चिकोडी

कायद्याची बाजू सांगतो. डीजीसीएचे नियम आहेत, सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४. विमानात बसू न देणं, रद्द होणं आणि उशीर याबद्दलचे. इंटरनेटवर मोफत मिळतात, वाचायला फार अवघड नाहीत.

विमान रद्द होणार असेल तर कंपनीने किमान दोन आठवडे आधी कळवायचं आणि दुसरं विमान किंवा परतावा, यातलं प्रवाशाला जे मान्य असेल ते द्यायचं. निवड प्रवाशाची, हा मुद्दा महत्त्वाचा. दोन आठवड्यांपेक्षा कमी पण २४ तासांपेक्षा जास्त वेळ उरला असताना कळवलं, तर मूळ वेळेच्या दोन तासांच्या आत सुटणारं दुसरं विमान किंवा परतावा. आणि तसं न कळवताच रद्द केलं तर वरून नुकसानभरपाई. तासाभरापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००, त्याहून मोठ्याला १०,०००. किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क. यातलं जे कमी ते. वादळ, दंगल, संप अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना भरपाई नाही.

मेधाताई, तुम्हाला दोन आठवड्यांच्या कितीतरी आधी कळवलंय, त्यामुळे भरपाई मिळणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. पण बेंगळूरमार्गे दिवसभराचा प्रवास तुमच्यावर लादता येत नाही. त्यामुळे:

‘स्वीकारा’ दाबू नका. एकदा दाबलं की नवा प्रवास तुम्ही मान्य केलात असं होतं.

साइटवरचं नेहमीचं ‘तिकीट रद्द करा’ पण दाबू नका. तिथून गेलात तर तुम्ही स्वतःच्या मर्जीने रद्द केलंत असं धरून रद्दीकरणाचे पैसे कापले जातात. मेसेजमधल्या लिंकवरून किंवा लेखी मेल करूनच परतावा मागायचा.

आणि काहीच न करता बसू नका. उत्तर दिलं नाही तर कंपनीने टाकलेला नवा प्रवासच कायम राहतो, आणि त्या दिवशी तुम्ही गेला नाहीत तर ‘नो शो’, म्हणजे प्रवासी आलाच नाही अशी नोंद.

मेसेज ज्या दिवशी आला त्याचा, जुन्या तिकिटाचा आणि नव्या प्रवासाचा, तिन्हींचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. नंतर साइटवर जुनी वेळ दिसत नाही, सगळं नव्याने लिहिलं जातं.

सुजाता_शहापूर

वकीलसाहेब, एक शंका. आमचं जाण्या-येण्याचं एकाच पीएनआरवर आहे. जायचं विमान बंद झालंय, यायचं चालू आहे. परतावा घेतला तर दोन्ही रद्द होईल का?

वकील_चिकोडी

सुजाताताई, फक्त बाधित टप्प्याचाच परतावा मागता येतो, पण मेलमध्ये ते ठळक लिहा: ‘परतीचा प्रवास कायम ठेवावा.’ फोनवर सांगितलं तर पलीकडचा माणूस कधी अख्खा पीएनआर रद्द करून मोकळा होतो. दोन्ही टप्पे आता तुमच्या कामाचेच नसतील तर दोन्हींचा मागा, कारण कंपनीनेच प्रवास मोडलाय.

खडेबाजार_ट्रॅव्हल्स

मी तिकिटाच्या व्यवसायातला आहे, आमच्या बाजूने सांगतो म्हणजे गैरसमज नको.

विनायकच्या बहिणीला मेसेज का आला नाही? बुकिंगवर बहुतेक एजंटचा नंबर असणार. लग्नाच्या सीझनमध्ये एकेक एजंट शेकडो तिकिटं काढतो. कंपन्यांचे मेसेज दिवसभर टिंग टिंग वाजत असतात, त्यात एखादा निसटतो. नियमातच आहे की प्रवाशाचा संपर्क बुकिंगवर नसेल तर कंपनीला भरपाई द्यावी लागत नाही. म्हणजे नुकसान तुमचंच. म्हणून एजंटाकडून तिकीट काढताना समोर बसून सांगा, माझा नंबर आणि माझा ईमेल घाल. तो कां-कूं करत असेल तर दुसरीकडे जा. तिकीट हातात आल्यावर घरी जाऊन कंपनीच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव घालून बघा, संपर्कात कुणाचा नंबर आहे. तिथेच बदलता येतो.

दुसरं, एजंटाकडून काढलं म्हणून कंपनी ‘परतावा एजंटाकडे मागा’ असं सांगते. एजंट म्हणतो ‘कंपनीकडून आला नाही.’ मधल्या मधे गिऱ्हाईक फिरतं. डीजीसीएच्या नियमाप्रमाणे एजंटामार्फत काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारी कंपनीचीच, कारण एजंट हा तिचाच प्रतिनिधी. पैसे येतील एजंटाच्या खात्यावरूनच, पण जाब कंपनीला विचारायचा. कार्डाने थेट साइटवर भरले असतील तर ७ दिवसांत परत यायला पाहिजेत.

मुतगा_अशोक

काय ओ ट्रॅव्हल्सवाले, आमचे पैसे कंपनीने परत दिलेच नाहीत, ‘क्रेडिट शेल’मध्ये टाकलेत म्हणे. वर्षभरात तिकीट काढा म्हणतात. आता त्या कंपनीचं विमानच इथून जात नाही, ते क्रेडिट घेऊन मी कुठं जाऊ?

वकील_चिकोडी

अशोकराव, हे चुकीचं आहे आणि यावर स्पष्ट नियम आहे. परतावा क्रेडिट शेलमध्ये ठेवायचा की नाही हा अधिकार प्रवाशाचा; कंपनीने आपणहून तसं करायचं नाही. परताव्याबद्दलचा नियम सिरीज एम, पार्ट २ मध्ये आहे. कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला (तक्रारींसाठी नेमलेल्या) मेल करा, त्याचा पत्ता कंपनीच्या साइटवर असावाच लागतो. त्यात लिहा: ‘मी क्रेडिट शेलला संमती दिलेली नाही. मूळ ज्या खात्यातून पैसे भरले त्याच खात्यात परत करावेत.’ एवढंच. लांबलचक इतिहास लिहू नका.

उत्तर आलं नाही तर केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं ‘एअरसेवा’ पोर्टल आहे, ॲपही आहे. तिथे पीएनआर आणि कागद जोडून तक्रार टाकली की ती कंपनीच्या अधिकाऱ्याकडे जाते आणि उत्तराची नोंद राहते. पोर्टलच्या तक्रारीचा नंबर हाती आला की कंपन्यांच्या बोलण्याचा सूर बदलतो, हे मी अनेक अशिलांच्या बाबतीत बघितलंय. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ पण आहे.

मेधा_टिळकवाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून मेल लिहिला. कुणाला उपयोगी पडेल म्हणून मराठीत सारांश देते:

‘आमचं बेळगाव–मुंबई थेट विमान आपण काढून टाकलं आहे. आपण दिलेला बेंगळूरमार्गे प्रवास आम्हाला मान्य नाही, कारण त्या दिवशी रात्री मुंबईहून प्रवाशांचं आंतरराष्ट्रीय विमान आहे. आम्हाला त्याच तारखेला दुपारपर्यंत मुंबईत पोचवणारं आपलंच विमान, बेळगाव नसेल तर गोवा, हुबळी किंवा कोल्हापूर येथून, जादा भाडं न घेता द्यावं. ते शक्य नसेल तर दोघांचं पूर्ण भाडं सर्व करांसह मूळ खात्यात परत करावं. दोन्ही प्रवासी ज्येष्ठ नागरिक आहेत. लेखी उत्तर द्यावं.’

सोबत तिन्ही स्क्रीनशॉट आणि सिंगापूरचं तिकीट जोडलं. मी मुद्दाम पर्याय स्वतःच सुचवले, कारण ‘काहीतरी करा’ म्हटलं की पुन्हा तेच बेंगळूर येतं. कुठलं विमान रिकामं आहे ते आधी त्यांच्याच साइटवर बघून त्याचा नंबर मेलमध्ये घातला.

निपाणीचा_सचिन

मेधाताई, योग्य केलंत. जवळच्या विमानतळावरून मागायची ही युक्ती सीमाभागातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे एक मार्ग बंद झाला तरी चार विमानतळ हाताच्या अंतरावर आहेत, हे आपलं भाग्य म्हणायला हवं. पण प्रत्येकाची गंमत वेगळी.

निपाणी, चिकोडी, संकेश्वरवाल्यांना कोल्हापूरचं उजळाईवाडी सगळ्यात जवळ. कागलकडून हायवेने सरळ. मात्र तिथली विमानंही मोजकीच, तिथलाही मार्ग कधी बंद होईल सांगता येत नाही, म्हणून पुढचं परदेशी विमान असेल तर माझा जीव तिथे रमत नाही.

हुबळी बेळगावहून साधारण शंभर किलोमीटर, कित्तूर–धारवाड करत चांगल्या हायवेने. वेळेचा अंदाज चुकत नाही. किंवा रेल्वेने जाऊन तिथून विमानतळ. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायला मला हुबळी आवडतं.

गोव्यात दोन आहेत, दाबोळी आणि जानेवारी २०२३ पासून मोपा. विमानांची संख्या तिथे सगळ्यात जास्त, तिकीटही बऱ्याचदा स्वस्त. मोपाला जायचं तर आंबोली–सावंतवाडी–बांदा किंवा जांबोटी–कणकुंबी–चोर्ला. पावसाळ्यात मी दोन्ही घाट पहाटे अंधारात करणार नाही. धुकं असतं, दरड पडते, झाड आडवं येतं. अशा वेळी आदल्या दिवशीच गोव्यात मुक्काम करावा. दिवाळीनंतर मात्र रस्ता चांगला असतो. तुमचा प्रवास नोव्हेंबरचा, तेव्हा मोपा हरकत नाही.

टॅक्सीचा खर्च तुमच्या गळ्यात पडणार हे धरून चला.

रनवे_सांबरा

सचिनदादांच्या यादीत रेल्वे राहिली. फक्त मुंबईत पोचायचं असेल आणि दिवस हातात असेल तर चालुक्य, शरावती किंवा हुबळी–दादर गाडी बघावी. आदल्या दिवशी निघून मुंबईत नातेवाइकाकडे थांबायचं. मार्ग बंद झाल्याचं कळल्या कळल्या रेल्वेचं तिकीट काढून ठेवावं, कारण त्या विमानातली सगळी माणसं त्याच दोन-तीन गाड्यांकडे वळतात. नंतर रद्द करताना रेल्वेचं नुकसान फार नसतं.

कंग्राळी_राजू

माझे पैसे एका बंद पडलेल्या कंपनीत अडकलेत. मार्ग नाही, कंपनीच बंद. त्याचं काय?

वकील_चिकोडी

राजू, ते प्रकरण वेगळं आणि दुःखाचं आहे. मार्ग बंद केलेली कंपनी जिवंत असते, तिला नियम लागू पडतात, तिच्याकडून वसुली होते. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली की प्रवासी इतर देणेकऱ्यांच्या रांगेत उभा राहतो. २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज थांबली, २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट थांबली, तेव्हा हजारो लोकांचं तेच झालं. तुम्ही दावा मुदतीत दाखल केलाय का ते बघा. क्रेडिट कार्डाने भरले असतील तर बँकेकडे ‘चार्जबॅक’, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता येतो, सेवा मिळाली नाही या कारणावर. बँकेची मुदत असते, ती विचारून घ्या. याच कारणासाठी मी महिनोन्महिने आधीचं महाग तिकीट नेहमी कार्डानेच काढायला सांगतो.

सुजाता_शहापूर

आमचं नवं तिकीट जुन्यापेक्षा जवळजवळ दुप्पट भावात गेलं. कंपनीने जुने पैसे परत दिले, पण वरचा फरक कोण देणार? ते विमान बंद झालं नसतं तर हा खर्च आलाच नसता ना?

वकील_चिकोडी

डीजीसीएच्या नियमात भावातल्या फरकाची तरतूद नाही. त्यासाठी ग्राहक आयोग. इथे लोकांचा एक समज खोडून काढतो: कंपनीचं मुख्यालय दिल्लीत किंवा गुडगावला आहे म्हणून तिकडे जावं लागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे तुमच्यासाठी बेळगावचा जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, ऑनलाइनही दाखल होते, मुदत दोन वर्षं.

मिळेलच असं मी म्हणणार नाही. कंपनी म्हणेल, वेळेत कळवलं, पैसे परत दिले. तुमचा मुद्दा असा हवा: मार्ग बंद होतोय हे कंपनीला माहीत असूनही तिने ते सांगितलं नाही, नुसता वेळेतला बदल म्हणून दाखवलं, सोयीचं दुसरं विमान मागूनही दिलं नाही, त्यामुळे उशिरा तिकीट काढावं लागलं आणि भाव वाढला. म्हणून मेल आणि त्यांच्या तारखा महत्त्वाच्या. फोनवर भांडलेलं आयोगापुढे दाखवता येत नाही.

मेधा_टिळकवाडी

कंपनीचं उत्तर आलं! आधी एक ठरीव मेल, ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व, वेबसाइटवरून पर्याय निवडा.’ मी त्यालाच उत्तर म्हणून नोडल अधिकाऱ्याचा पत्ता जोडून पुन्हा तोच मजकूर पाठवला आणि एअरसेवावर तक्रार टाकली. त्यानंतर फोन आला. मुलगी फार सौजन्याने बोलली, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आई-बाबांना त्याच तारखेचं सकाळचं मोपा–मुंबई दिलंय, जादा पैसे नाहीत. टॅक्सी आमची. दुपारपर्यंत मुंबईत, संध्याकाळपर्यंत विश्रांती, मग सिंगापूर.

मी फोनवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली: थेट विमान पुन्हा सुरू होणार का? उत्तर नाही. माझं म्हणणं आहे, कंपनीने हे सांगायला हवं. एखाद्या मार्गाची विक्री ज्या दिवशी थांबवली त्याच दिवशी, त्या मार्गावर तिकीट असलेल्या प्रत्येकाला स्पष्ट शब्दांत ‘हा मार्ग आम्ही या तारखेपासून बंद करत आहोत’ असा मेसेज गेला पाहिजे, आणि बेळगावसारख्या ठिकाणी तो मराठी आणि कन्नडमध्येही गेला पाहिजे. आईला इंग्रजी येत नाही. शेजारच्या आजोबांना कन्नड उत्तम येतं, इंग्रजी नाही. दोघांचेही पैसे कंपनीने घेतले आहेत.

रनवे_सांबरा

हाच मुद्दा विमानतळ सल्लागार समितीसमोर मांडता येईल. या समितीचे अध्यक्ष खासदार असतात आणि व्यापारी संघटना, प्रवासी यांचे प्रतिनिधी असतात. सांबऱ्याच्या २०१८ च्या प्रकरणानंतर बेळगावकरांनी भाषा, पक्ष बाजूला ठेवून आवाज उठवला होता, आणि पुढच्याच वर्षी उडानमध्ये नाव आलं. आत्ताही धाग्यावरच्या ज्यांना त्याच मार्गाची तिकिटं रद्द झाल्याचे मेसेज आलेत त्यांनी पीएनआर झाकून स्क्रीनशॉट मला खासगी संदेशात पाठवा. एक निवेदन तयार करतो, मराठी आणि कन्नड दोन्हींत. किती प्रवासी होते हे पुराव्यासकट दाखवलं तर ‘या मार्गाला प्रतिसाद नाही’ हे कारण देता येणार नाही.

अनगोळ_विनायक

बहिणीचा पाठवतो. खडेबाजारवाल्यांचं ऐकून तिच्या परतीच्या तिकिटावरचा नंबर बघितला, एजंटाचाच निघाला. आता तिचा घातला.

सुजाता_शहापूर

मीही पाठवते. मेधा, एक विचारायचं होतं. आईंसाठी व्हीलचेअर सांगितली असशील ना जुन्या तिकिटावर? ती मोपाच्या नव्या विमानावर आपोआप येते का?

मेधा_टिळकवाडी

नाही ताई, येत नाही. बरं झालं विचारलंत. आत्ताच तपासलं. पीएनआर तोच आहे, पण व्हीलचेअरची नोंद नव्या विमानावर उतरलेलीच नव्हती, पैसे भरून घेतलेल्या पुढच्या रांगेतल्या सीटही गेलेल्या. कस्टमर केअरला फोन करून दोन्ही पुन्हा घालून घेतलं, सीटचे वेगळे पैसे मागितले होते ते दिले नाहीत, कारण ते आधीच भरलेत. नवीन ई-तिकीट मेलवर मागवून त्यावर व्हीलचेअरची नोंद दिसते का ते बघितलं. दिसते आहे. ज्यांनी जेवण, जादा सामान असं काही आधी घेतलं असेल त्यांनीही नव्या तिकिटावर ते एकेक करून तपासा.